तादेऊने जिंकलेला सेट

तादेऊ वेळेवर आला असं मला एकदाही आठवत नाही. शनिवारी सकाळी बाबा मला क्लबच्या कोर्टावर घेऊन यायचे ते ठरलेल्या वेळेच्या आधीच. त्यांनी आयुष्यातली पहिली नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात केली होती आणि भोंगा वाजायच्या आत गेटमधून शिरायची सवय ऑस्ट्रेलियात क्रेगीबर्नला येऊनही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मग आम्ही दोघं गाडीत बसून राहायचो. उत्तरेचा गरम वारा सुटलेला असायचा, कुंपणाच्या जाळीत अडकलेल्या चिप्सच्या पिशव्या फडफडायच्या, पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा दिव्यांच्या खांबांवर बसून कर्कश भांडायचा, आणि बाबा थोड्या थोड्या वेळाने घड्याळ बघून म्हणायचे, "याला काही आहे की नाही?" कधीतरी मग त्याची निळी, एका बाजूने चेपलेली स्टेशन वॅगन वळणावर दिसायची. तादेऊ उतरायचा, गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश सरळ व्हायचा, आमच्याकडे बघून मनापासून हसायचा आणि माफीचा एक शब्द न बोलता कोर्टावर पाणी मारायला पाइप उलगडायला लागायचा.

तेव्हाचं क्रेगीबर्न म्हणजे मेलबर्न संपता संपता थोडं उरलेलं होतं, तेवढंच. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे खरोखरच्या मेंढ्या होत्या. आता तिथे घरांच्या रांगा आहेत, किराणा दुकानात अळूची पानं मिळतात, आणि माझी मुलगी मेंढ्यांची गोष्ट ऐकून "सीरियसली, मम?" एवढंच म्हणते. क्लबची दोन कोर्टं मात्र अजून आहेत. विटांच्या लाल भुकटीची. तादेऊ त्या भुकटीवर दर आठवड्याला नव्याने चिडायचा. "ही माती नाही, ही फुटलेली वीट आहे," असं म्हणायचा आणि मग तीच फुटलेली वीट अशा मायेने भिजवायचा की बघणाऱ्याला वाटावं, याने काही पेरलंय. पाणी मारून झालं की मला मोठा ब्रश ओढत कोर्टभर गोल गोल फिरायला लावायचा. माझ्या शिकवणीचा चांगला मोठा भाग असा झाडण्यात जायचा. बाबांना ते बघवायचं नाही. "झाडायला आपल्या घरी अंगण आहे," असं ते गाडीच्या खिडकीतून मला मराठीत ऐकवायचे आणि तादेऊ त्यांना हात करायचा, जणू त्यांनी कौतुकच केलं होतं.

तो ब्राझीलचा होता, एके काळचा व्यावसायिक टेनिसपटू. त्याची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची त्याला सवयच नव्हती. दक्षिण ब्राझीलमधलं एक थंडगार गाव. त्याचा बाप तिथल्या क्लबची कोर्टं राखायचा, आणि एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही की या पोराला रॅकेट देऊन पलीकडे उभं करायचे. पोरगा मेंबरांना हरवायला लागला तेव्हा क्लबनेच त्याला साओ पावलोला पाठवलं. तिथे तो होस्टेलवर राहिला, उशीत तोंड खुपसून रडला, आणि वाढला. मग वर्षानुवर्षं युरोपभर बसने फिरणं, जिथल्या स्पर्धांचा पत्ता तिथल्याच लोकांना नसतो अशा गावांत खेळणं, बेसिनमध्ये मोजे धुणं, पाव आणि केळ्यांवर दिवस काढणं. दर जानेवारीत मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळायला यायचा आणि बहुतेक वेळा त्या फेरीतूनच परत जायचा. एका वर्षी प्रेक्षकांत बसलेल्या एका नर्सशी ओळख झाली, लग्न झालं, पुढे ते मोडलं, पण तोपर्यंत तो इथलाच झाला होता. आम्हाला भेटला तेव्हा एका दुकानाच्या मागच्या खोलीत रॅकेटच्या तारा ओवायचा आणि शनिवार-रविवार आमच्यासारख्या मुलांना शिकवायचा. त्याचं इंग्रजी मी इथे सरळ मराठीत लिहिते आहे, त्यामुळे ते होतं त्यापेक्षा पुष्कळ बरं वाटेल.

या सगळ्या कारकिर्दीतून त्याने एकच गोष्ट बाजूला काढून ठेवली होती, आणि ती तो कोणालाही, कुठेही, विचारलं नसताना सांगायचा. त्या वेळच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडून त्याने एक सेट घेतला होता. सहा-दोन. मी फोरहँड चुकवला की तो नेटजवळ यायचा, रॅकेटवर रेलायचा आणि सुरू करायचा, "ऐक केतकी. सहा-दोन. तो माणूस कॉफी प्यायला आल्यासारखा आला होता, आणि मी..." पुढे उजव्या कोपऱ्यातले ते फटके, ते घसरत जाणं, उठून उभे राहिलेले लोक. पहिला सेट संपला की गोष्टही संपायची. मी वैतागून त्याला एकदा म्हटलं होतं, "तादेऊ, आय नो. सहा-दोन. वी ऑल नो." त्यावर तो दुखावला वगैरे नाही. "सगळ्यांना माहीत आहे? छान," असं म्हणून त्याने तीच गोष्ट सोडली होती तिथून पुढे चालू केली. दुसऱ्या सेटचं काय झालं हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. हरला असणार, हे उघडच होतं.

शिकवणी शनिवारी असली तरी तादेऊ आमच्या घरात शिरला तो रविवारच्या जेवणातून. आईने एकदा सहज म्हटलं, "एकटेच राहता, या कधीतरी जेवायला," आणि पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याही आला, आणि मग त्याची थाळी आम्ही न विचारता मांडायला लागलो. आई त्याला तादेवभाऊ म्हणायची. त्याच्या नावाचा शेवट तिला अपुरा वाटायचा. भात आणि आमटी बघून तो पहिल्या दिवशी जवळजवळ गहिवरला. त्यांच्याकडेही रोज भात आणि शिजवलेली कडधान्यंच असतात, म्हणाला. इथवर आईचं आणि त्याचं फार छान होतं. मग दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्याने खिशातून एक पुडी काढली आणि आईच्या चिंचगुळाच्या आमटीवर मूठभर पिवळसर कोरडं पीठ भुरभुरवलं. ते त्यांच्याकडच्या कसलाशा कंदाचं भाजलेलं पीठ होतं आणि त्याच्याशिवाय जेवण जेवण वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. आई त्याच्यासमोर हसली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यापाशी दात-ओठ खात म्हणाली, "आमटीवर भुसा टाकतो गं हा. चव तरी बघावी माणसाने आधी."

याच्याहून मोठं भांडण साबुदाण्यावरून झालं. एकदा संकष्टी रविवारी आली. आईचा उपास, म्हणून आम्हा सगळ्यांनाच खिचडी. तादेऊने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि साबुदाण्याचा एक दाणा बोटावर घेऊन उजेडात धरला. "हा आमचा आहे," तो म्हणाला. "माझ्या त्या पिठाच्याच कंदाचा. ब्राझीलचा."

"साबुदाणा?" आई म्हणाली. "उपासाचा आहे तो."

"हो. पण आमचा."

"अहो, माझ्या आजीपासून आम्ही उपासाला खातो."

"आजीच्या आधी जहाजातून आला असेल," तो शांतपणे म्हणाला आणि खिचडी पुन्हा घेतली. पुढे त्याचं म्हणणं खरं निघालं, कंद मूळचा तिकडचाच. पण आईने हे आजतागायत मान्य केलेलं नाही. मागच्या महिन्यातच मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "असेल कंद त्यांचा. खिचडी कोणाची?"

बाबांना यातल्या कशातच गंमत वाटायची नाही. त्यांना त्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मी राज्याच्या ज्युनियर स्क्वॉडमध्ये जाणं. पुण्यात ज्या पदावर होते त्याच्या दोन पायऱ्या खालचं काम ते इथे एका कंपनीत करत होते, दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं तपासायचं. त्याबद्दल घरात कधी बोलणं व्हायचं नाही. बोलणं व्हायचं ते माझ्या बॅकहँडबद्दल. मी बरी खेळायचे. बरीपेक्षा थोडी जास्तच, पण आता मागे वळून बघताना वाटतं, बाबांना ती 'थोडी जास्त' फार लांबवर पोचलेली दिसत होती. ते म्हणायचे, "तुझ्याकडे हात आहे." तादेऊ म्हणायचा, "हिला अजून चालता येत नाही." दोघांचं माझ्या देखत, माझ्या डोक्यावरून चालायचं. बाबांना मी स्पर्धा खेळायला हवी होते, तादेऊला मी चेंडू न मारता नुसतं घसरून थांबायचा सराव करायला हवी होते. एकाला वाटायचं उशीर होतोय, दुसऱ्याला उशीर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आणि मला विचाराल, तर मला दोघांचाही तितकाच वैताग होता. चौदा वर्षांची मुलगी दोन मोठ्या माणसांच्या मध्ये उभी राहते आणि दोघं तिच्याबद्दल असं बोलतात, जणू ती दुरुस्तीला आणलेली गाडी आहे.

त्या उन्हाळ्यात माझी पाठ दुखायला लागली. सर्व्हिस करताना, अंग मागे वाकवून वर झेपावलं की कमरेच्या जरा वर, डावीकडे, कोणी अंगठा रुतवल्यासारखं व्हायचं. मी आईला सांगितलं. आईने गरम पाण्याची पिशवी दिली, बाम चोळला आणि बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "वाढत्या वयात दुखतं. माझी रोज दुखते." तादेऊला मी काही सांगितलं नव्हतं, पण एका शनिवारी त्याने मला थांबवलं आणि विचारलं, "तू चेंडू खाली का मारतेस? वर जायला घाबरतेस का?" मी म्हटलं, नाही. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्या दिवशी सहा-दोनची गोष्ट झाली नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

निवडीची स्पर्धा बेंडिगोला होती. तादेऊची वॅगन एवढा पल्ला गाठेल याची खात्री नसल्याने तो आमच्याच गाडीतून आला. उपांत्य सामना जिंकणाऱ्या दोघी स्क्वॉडमध्ये, असं ठरलेलं. माझ्यासमोर मिकेला नावाची माझ्याहून वीतभर उंच मुलगी होती. ऊन असं, की लाइनींवर नजर ठरत नव्हती. आमच्या पातळीच्या सामन्यांना प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूच्या लाइनी आपणच सांगायच्या, वाद झालाच तर कोर्टाकोर्टांवरून फिरणाऱ्या मुख्य पंच बाईंना बोलवायचं. वाद झाला नाही. मी पहिला सेट जिंकले. मी फार चांगलं खेळत होते, हे मी आजही कोणाला न घाबरता सांगेन. दुसऱ्या सेटमध्येही मी पुढे होते. अंगठा रुतत होता, दर सर्व्हिसला रुतत होता, पण मी ठरवलं होतं की अजून थोडाच वेळ आहे. बाबा गाडीतून बर्फाच्या बाटल्या आणायला गेले होते. तादेऊ कुंपणापाशी उभा होता, आणि नंतर बघते तर नव्हता.

मग बाजू बदलताना त्या बाई मोठ्या टोपीखालून आत आल्या. "तुझे कोच म्हणतायत तुला दुखापत झाली आहे, तू पुढे खेळू शकत नाहीस," त्या म्हणाल्या. "आर यू हर्ट, डार्ल?"

मी तादेऊकडे पाहिलं. तो त्यांच्यामागे दाराशी हाताची घडी घालून उभा होता. हसत नव्हता. मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण बाईंनी इतक्या मऊपणे विचारलं होतं, आणि इतक्या आठवड्यांत मला कोणी असं सरळ, थांबून विचारलंच नव्हतं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाज फुटेना. बाईंना ते पुरेसं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मिकेलाला खूण केली, आणि माझा सामना संपला. मी पुढे असताना. मिकेलाही गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, तिच्या आईने टाळ्या वाजवायला सुरुवात करून मध्येच थांबवल्या.

बाबा बाटल्या घेऊन आले तोवर मी बॅग भरत होते. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बाटल्या बाकावर ठेवल्या आणि तादेऊला विचारलं, "कोणाला विचारून?"

"कोणाला नाही," तादेऊ म्हणाला.

"ती जिंकत होती."

"हो. म्हणूनच कोणी थांबवलं नसतं."

बाबा पुढे जे बोलले ते मराठीत बोलले, त्यामुळे ते फक्त मलाच कळलं. मग आम्ही तिघं एकाच गाडीतून दीड तास घरी आलो. मागच्या सीटवर मी, पुढे ते दोघं, कारण तादेऊचे गुडघे मागे मावायचे नाहीत. वाटेत त्याने स्पर्धेच्या स्टॉलवरून घेतलेला लॅमिंग्टन, चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेला केक, कागदातून काढला आणि सावकाश खाल्ला. खोबऱ्याचा कीस त्याच्या मांडीवरून आमच्या गाडीच्या कार्पेटवर पडत होता. बाबांची मान मागून मला दिसत होती, ती लालबुंद झाली होती. मला त्या क्षणी तो कागद, तो कीस, ती मान, सगळंच असह्य झालं होतं. मी खिडकीला डोकं टेकवून रडत होते आणि मी रडतेय हे दोघांनाही कळू नये म्हणून नाक ओढत नव्हते.

त्याच आठवड्यात आई मला स्कॅनला घेऊन गेली. रिपोर्ट स्वच्छ आला. हाडाला काही नाही, स्नायू आखडलाय, दोन आठवडे विश्रांती, थोडे व्यायाम, मग खुशाल खेळ, असं डॉक्टर म्हणाले. गोष्टीत असं व्हायला नको, मला कळतं. आज कोणाला हे सांगितलं की ऐकणारा वाट बघत असतो की आता हाडाला चीर निघणार आणि तादेऊ देवमाणूस ठरणार. चीर निघाली नाही. मी खेळले असते तर बहुधा जिंकले असते, आणि पाठीला त्याने काही झालं नसतं. बाबांनी तो रिपोर्ट घरात येरझारा घालत आईला तीनदा वाचून दाखवला. त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाने त्यांचा राग आणखी वाढला होता.

रविवारी मला वाटलं होतं तो येणार नाही. तो आला, नेहमीसारखा उशिरा, जेवणं अर्धी झाल्यावर. आईने थाळी मांडली. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने म्हणावं, "जेवून तरी घेऊ दे." तादेऊ बसला. बाबांनी रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "वाच. काही नाही. काहीही नाही झालेलं तिला."

तादेऊने कागद उचलला नाही. त्याने विचारलं, "हाड ठीक आहे?"

"ठीक आहे. पूर्ण ठीक आहे. तू तिचं वर्ष घालवलंस."

तादेऊने पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे केला. मग म्हणाला, "मी तुम्हाला तो सेट सांगितला आहे."

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "प्लीज. आत्ता तो सेट नको."

"दुसरा सांगतो," तो म्हणाला.

त्या सामन्याच्या आधी त्याचा खांदा महिनाभर दुखत होता. हात वर गेला की आत काहीतरी अडकायचं. त्याच्या ट्रेनरने सकाळी इंजेक्शन दिलं आणि खांदा बधिर झाला, म्हणून पहिल्या सेटमध्ये त्याला आयुष्यात कधी मारता आल्या नव्हत्या अशा सर्व्हिस मारता आल्या. गावाकडे त्याच्या बापाने क्लबच्या कुंपणाला रेडिओ टांगला होता, सगळे मेंबर भोवती उभे होते. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला ओलं कापड फाटावं तसा आवाज त्याला आतून ऐकू आला. दुखलं नाही. बधिरच होता ना खांदा. तो खेळत राहिला, शेवटपर्यंत खेळला, हरला. त्यानंतर तो हात कधी पूर्ण वर गेला नाही. पुढची सगळी वर्षं तो बाजूने, वाढपी भात वाढतो तशी सर्व्हिस करत दुहेरीत खेळला, भक्कम सर्व्हिसवाला जोडीदार शोधून. मी आणि क्लबमधली मुलं त्याच्या त्या सर्व्हिसची नक्कल करायचो.

"मला कोणी थांबवलं नाही," तो म्हणाला. "ट्रेनरने नाही, मी नाही. बाप फार खूश होता. त्याला सेट ऐकू आला. खांदा रेडिओवर ऐकू येत नाही."

बाबांचा आवाज उतरला, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. "वाईट झालं ते. पण ते तुझं झालं. हिला काही झालेलं नाही, तादेऊ. तू चुकलास."

"हो," तादेऊ म्हणाला. "मी चुकलो. किती छान." त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. त्याने खिशातून पुडी काढली, आमटीवर पीठ भुरभुरवलं आणि जेवायला लागला.

बाबा ताटावरून उठले. दारात थांबून एवढंच म्हणाले, की पुढच्या शनिवारपासून शिकवणी नको. आई त्याला भात वाढत होती, तिचा हात थांबला नाही. आणि मी? मला त्याची कीव आली होती आणि त्याच वेळी त्याची थाळी उचलून सिंकमध्ये आपटावीशी वाटत होती. त्याच्या खांद्याचं मला वाईट वाटलं, पण माझा सामना त्याने माझ्या पाठीसाठी नाही, त्याच्या खांद्यासाठी थांबवला होता. आणि बाबांना तो सामना त्यांच्यासाठी हवा होता. एवढं नीट शब्दांत मला तेव्हा कळलं नव्हतं, पण राग होता तो याचाच.

बाबांनी मग ब्रॅड नावाचा तरुण कोच शोधला. ब्रॅड वेळेवर यायचा. ब्रॅड मी चेंडू नेटमध्ये मारला तरी "ऑसम, मेट" म्हणायचा. सहा आठवड्यांत मी इतकी ऑसम झाले की मला साधा रिटर्न येईनासा झाला. शेवटी एक दिवस शाळा सुटल्यावर मी सायकल काढून जुन्या कोर्टावर गेले. तादेऊ पाणी मारत होता. त्याने मला काही विचारलं नाही, ब्रश माझ्या हातात दिला. मी झाडायला लागले. अर्ध्यावर आल्यावर मी त्याला म्हटलं, "पुन्हा असं करायचं नाहीस. मला विचारायचं."

"आणि तू खोटं सांगितलंस तर?"

"तरी विचारायचं."

त्याने पाइप पलीकडे वळवला. मग म्हणाला, "कोपरे राहिले आहेत."

मी परत तिथे जाते आहे हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि बाबांना आठवड्याभरात कळलं. ते मला काही बोलले नाहीत. ब्रॅडचं येणं आपोआप बंद झालं. रविवारी आईने पुन्हा चौथी थाळी मांडली तेव्हा बाबांनी पेपर वर धरला, इतकंच.

पानं गळायला लागली तेव्हा आमच्याच क्लबवर छोटी स्पर्धा झाली. तिच्यावर काही अवलंबून नव्हतं, स्क्वॉड कधीच भरलं होतं. पण अंतिम सामन्याला दोघंही आले, आणि एकमेकांशी बोलत नसल्याने कोर्टाच्या दोन टोकांना बसले. मी या बाजूने सर्व्हिस करायला उभी राहिले की समोर बाबा दिसायचे, हात वर वर नेऊन चेंडू उंच टाक असं सांगणारे. बाजू बदलली की समोर तादेऊ, स्वतःच्या कमरेवर थापट्या मारत भुवया उंचावून विचारणारा, दुखतंय का. माझी पाठ मुळीच दुखत नव्हती. एक गेम गेला, दुसरा गेला. तिसऱ्या गेमला बाबा उभे राहून दोन्ही हात वर करायला लागले आणि त्यांचं बघून तिकडे तादेऊही उभा राहून कमरेवर थापट्या मारायला लागला. प्रतिस्पर्धी मुलगी खांदे हलवून हसत होती. मी रॅकेट खाली ठेवली आणि मुख्य पंच कॉलिन यांच्याकडे गेले. ते क्लबचे सत्तरीतले सेक्रेटरी, छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते.

"कॉलिन, त्या दोघांना बाहेर पाठवता येईल का?"

"विच टू, लव्ह?"

"माय डॅड अँड माय कोच."

त्यांनी चष्म्यावरून एक टोक पाहिलं, दुसरं टोक पाहिलं. "टू इझी," त्यात काय एवढं अशा थाटात म्हणाले आणि उठले.

बाबांना विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडे बघून "मी?" अशी खूण केली. तादेऊने वाद घालायला तोंड उघडलं, मग मी रॅकेट पुन्हा हातात घेऊन त्याच्याकडे बघत उभी आहे हे पाहून मिटलं. दोघं दोन दारांनी बाहेर गेले. कोर्ट एकदम केवढं मोठं झालं. वाऱ्याचा आवाज यायला लागला, चेंडूचा यायला लागला. मी तो सामना हरले, तिसऱ्या सेटपर्यंत नेऊन. दोन चेंडू असे गेले की आजही झोप लागत नसली की मी ते परत मारते. स्क्वॉडमध्ये मी पुढेही कधी गेले नाही. युनिव्हर्सिटी सुरू होईपर्यंत तादेऊकडे खेळले आणि मग टेनिस सुटलं, रडारड न होता.

बॅग घेऊन मी कार पार्कमध्ये आले तेव्हा दोघं आमच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. मध्ये आईने दिलेला खिचडीचा डबा उघडा, आणि दोघांच्या हातात चमचे. बाबा म्हणत होते, "आपल्या बापाला बाहेर काढते. हिची आजी असती तर." तादेऊ म्हणत होता, "मला जगात कोणी कोर्टाबाहेर काढलेलं नाही. एकदा पॅराग्वेत काढलं होतं, पण तिथे माझीच चूक होती." माझ्याबद्दल तक्रार करताना त्यांचं पहिल्यांदाच सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं होतं. मला बघून दोघं एकदमच विचारायला लागले, काय झालं, किती झाले, शेवटी काय खेळलीस.

मी म्हटलं, "आधी पाणी द्या."

बाबांनी बाटली दिली. तादेऊने झाकण काढून दिलं. मी बॅग खाली ठेवली, बॉनेटवर चढून बसले आणि प्यायला लागले. ज्या दोन माणसांना माझ्याबद्दल मिनिटभर गप्प राहता येत नव्हतं, ती चमचे हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत, माझं पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहिली.